चिठ्ठ्या टाकून बाजू वाटल्या आणि एक मुलगी गप्प झाली. मदत हवी आहे

आठवी-ब च्या बाई (नाशिक)

नमस्कार. पंचवटीतल्या एका शाळेत मी चौदा वर्षं इतिहास शिकवते. गेल्या आठवड्यात वर्गात जे झालं ते जसं घडलं तसं लिहिते, कारण तेव्हापासून मला नीट झोप नाही.

आठवीला ‘समतेचा लढा’ हा धडा आहे. त्यात, अस्पृश्य मानलेल्या लोकांना मंदिरात जाता यावं म्हणून झालेल्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाचा उल्लेख येतो आणि पुस्तक पुढे निघून जातं. आमची शाळा मंदिरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. वर्गातली निम्मी पोरं रोज त्या दगडी दरवाजासमोरून सायकल हाणत येतात. २ मार्च १९३० ला बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड हजारो माणसं घेऊन तिथवर गेले, दारं बंद झाली, दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया चारही दरवाजांवर बसल्या. हे सगळं ज्या रस्त्यावर घडलं तो रस्ता माझ्या मुलांच्या पायाखालचा आहे. नुसतं वाचून घेऊन प्रश्नोत्तरं लिहून द्यायला माझं मन झालं नाही.

म्हणून मी वादविवाद ठेवला. विषय असा दिला: ‘१९३० साली मंदिराची दारं उघडायला हवी होती का?’ पांढरी चिठ्ठी म्हणजे हो, पिवळी म्हणजे नको. दोन्ही बाजूंनी विचार करायची सवय लागावी म्हणून बाजू चिठ्ठीवर सोडायची, हे मी एका प्रशिक्षणात शिकले होते.

तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीला पिवळी आली. गटातल्या मुलांनी तिला मुद्दे लिहून दिले. ती उभी राहिली, हातातला कागद आठ घड्या घातलेला, घामाने मऊ पडलेला. तिने दोन वाक्यं वाचली, परंपरेबद्दल काहीतरी, आणि थांबली. तिच्या गटातल्या एका मुलाने टाळ्या वाजवल्या, त्याला वाटलं आपला मुद्दा चांगला बसला. ती खाली बसली ती तास संपेपर्यंत मान वर न करता.

मधल्या सुट्टीत तिची मैत्रीण येऊन सांगून गेली, “बाई, तिच्या पणजोबांना त्या सत्याग्रहात रामनवमीला रथाच्या वेळी दगड लागला होता. कपाळावर खूण होती, तिची आजी सांगते.”

त्याच संध्याकाळी दुसऱ्याच एका पालकांचा मुख्याध्यापकांना फोन आला की शाळेत जातीचे विषय कशाला काढता. सरांनी मला बोलावून एवढंच सांगितलं, धडा वाचून घ्या आणि पुढे चला.

माझा प्रश्न असा. हे विषय वर्गात आणायचेच नाहीत का? आणायचे तर कसे? मुलं स्वतःहून पण काढतात. सिंहस्थासाठी तपोवनातली झाडं तोडायची की नाही यावर तर मधल्या सुट्टीत भांडणं होतात.

---

निफाडचा मास्तर

बाई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. माझ्या मते गडबड विषय मांडण्यात झाली. ‘दारं उघडायला हवी होती का’ हा प्रश्न आज उघडा राहिलेलाच नाही. अस्पृश्यता रद्द करणाऱ्या संविधानाच्या कलम १७ ने तो मिटवला. मिटलेल्या प्रश्नाला दोन बाजू दिल्या की एका बाजूला बसवलेल्या पोराला स्वतःच्या माणूसपणाविरुद्ध बोलावं लागतं.

माझ्याकडे खरोखर उघडा असलेला प्रश्न कांद्याचा आहे. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली तेव्हा नववीच्या वर्गात शेतकऱ्यांची पोरं होती, एकाचे वडील बाजार समितीत हमाल, एकीचे वडील अडते, आणि दोन मुली नोकरदार घरातल्या. त्या आधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं होतं, तेव्हापासूनच वर्गात धुसफूस होती. मी चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. आधी प्रत्येकाला घरी विचारून यायला सांगितलं: तुमच्या घरात कांदा महाग झाला तर काय होतं, स्वस्त झाला तर काय होतं. हमालाचा पोरगा म्हणाला, “सर, भाव कितीही असू दे, लिलाव बंद पडला की आमची चूल बंद.” हे मला स्वतःला सुचलं नव्हतं. तोवर वर्गात शेतकरी आणि ग्राहक अशा दोनच बाजू होत्या, त्या एका वाक्याने तिसरी उभी राहिली.

शेवटी एका पोराने विचारलं, सर तुमचं मत काय? मी सांगितलं, माझ्या घरी दोन एकर कांदा आहे, माझं मत त्या कांदा साठवायच्या चाळीतून येणार, ते लक्षात ठेवून ऐका. मग सांगितलं. मत लपवलं तर पोरं ते ओळखतातच, आणि मग आपण बोलतो त्यातलं काहीच खरं मानत नाहीत.

तपोवनाचा विषय असाच घ्या. सिंहस्थात साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामला जागा लागणार आणि झाडंही तोडायची नाहीत, दोन्ही बाजूंना खरी माणसं आहेत. पुस्तकातल्या सहलीपेक्षा एकदा तिथे जाऊन झाडं मोजून या.

---

एक आई, इंदिरानगर

मी फोन करणाऱ्यांपैकी नाही, पण त्यांची बाजू समजते. माझा मुलगा सातवीत आहे. घरी आम्ही जात हा शब्द काढत नाही, मुलांच्या मनात नको म्हणून. मग शाळेतून तो विचारत आला की आई, आपण कोण? मला उत्तर देता आलं नाही आणि शाळेचा राग आला. आता तुमचं वाचून वाटतं, त्या मुलीच्या घरी हा शब्द न काढण्याची सोय कधीच नव्हती. तरी एक विनंती. असा तास घेणार असाल तर आदल्या दिवशी पालकांच्या ग्रुपवर दोन ओळी टाका. आम्हालाही तयारी लागते.

---

येवल्याचे निवृत्त शिक्षक

बाई, तुम्ही धडा सोडून पुढे जाऊ नका. मी ३१ वर्षं येवल्यात शिकवलं. आमच्या गावात १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. तुमच्या दरवाजापासून आमच्या मैदानापर्यंत साडेपाच वर्षांचा रस्ता आहे, आणि मुलांनी वाद घालावा असा प्रश्न त्या रस्त्यावरच पडलेला आहे.

तो असा: मंदिरप्रवेशासाठी लढणं हा योग्य मार्ग होता का? हा प्रश्न चळवळीच्या आतला आहे. ३ मार्च १९३४ ला बाबासाहेबांनी भाऊराव गायकवाडांना, म्हणजे आपल्या दादासाहेबांनाच, पत्र लिहिलं. ज्या मूर्तींपासून दूर ठेवलं त्यांचे भक्त व्हावं म्हणून मी हा लढा उभारला नव्हता, आपल्या लोकांना त्यांच्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून उभारला, आता शक्ती राजकारणाकडे आणि शिक्षणाकडे वळवा, असा त्याचा आशय. विचार करा, चार वर्षं दारात बसलेल्या, मार खाल्लेल्या माणसांना हे वाचताना काय वाटलं असेल? आणि दुसरीकडे १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसतात. म्हणजे तो मार्ग काहींना तेव्हाही मोलाचा वाटत होता.

यावर तुमच्या त्या मुलीला कुठलीही चिठ्ठी आली तरी ती आपल्या पणजोबांच्या बाजूनेच उभी असेल. ‘बसून राहायला हवं होतं’ म्हणाली तरी, ‘उठून शाळा काढायला हवी होती’ म्हणाली तरी.

टाळ्या वाजवणाऱ्या पोराला रागावू नका. त्याला माहीत नव्हतं. तेच शिकवायचं आहे.

आणि मुलीशी आधी बोला. वर्गासमोर नाही, एकटीशी. कबुली द्या.

---

आठवी-ब च्या बाई (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. काल तिच्याशी बोलले. ग्रंथालयाच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, “माझं चुकलं. तुला ती बाजू द्यायला नको होती. मी आधी विचार करायला हवा होता.” ती बराच वेळ टेबलावरचं रबर बोटाने फिरवत राहिली. मग म्हणाली, “बाई, बोलायचं काही नव्हतं. पण घरी गेल्यावर आजी विचारते ना, आज शाळेत काय केलं. मी सांगितलंच नाही तिला.”

हे ऐकून मला जे वाटलं ते इथे लिहिता येत नाही.

मी विचारलं, आजींना शाळेत बोलवायचं का. ती पटकन नको म्हणाली. मग दारापर्यंत जाऊन वळली आणि म्हणाली, तिला जिने चढता येत नाहीत, आपला वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. मुख्याध्यापकांना आज सकाळी पटवलंय, त्या दिवशी आठवी-ब तळमजल्यावरच्या चित्रकलेच्या खोलीत बसेल. इंदिरानगरच्या ताई, तुमचं ऐकून ग्रुपवर आधी कळवते आहे.

येवल्याचे सर, ते पत्र मराठीत तुमच्याकडे असेल तर झेरॉक्स पाठवाल का? ४२ मुलं आहेत, दोघांत एक धरली तर २१ प्रती लागतील. शुक्रवारी चौथी तासिका.