मदत हवी आहे: बल्बमधली उष्णता आणि प्रकाश घरी वेगळे मोजता येतील का?

करवीर_पालक: नमस्कार. मुलगी आठवीत आहे. विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर तिने "विद्युत ऊर्जा → प्रकाश ऊर्जा" असं लिहिलंय. पण पिवळा बल्ब हात लावू देत नाही इतका तापतो. मग उष्णता बाणाच्या मध्ये लिहायची की शेवटी? आणि ती मोजून दाखवता येईल का? घरात 12 व्होल्टची 7 अँपिअर-तासाची बॅटरी, मल्टिमीटर आणि 0.1 अंश दाखवणारा डिजिटल थर्मामीटर आहे. एलईडीचंही सांगा.

टंगस्टन: दोन्हीकडे लिहा. 230 व्होल्टच्या 60 वॉट बल्बमधून साधारण 0.26 अँपिअर वाहतात. इलेक्ट्रॉन तारेतल्या अणूंवर आदळतात आणि तार सुमारे 2500 अंशांवर जाते. म्हणजे विजेची आधी उष्णताच होते. तापलेली तार मग प्रारण बाहेर टाकते, पण या तापमानाला त्याचा जोर 1 मायक्रोमीटरच्या आसपास, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्तात (इन्फ्रारेड) असतो. डोळ्यांना दिसणारा प्रकाश 60 पैकी जेमतेम 3 वॉट.

तार किती तापते याचा पुरावा मल्टिमीटरच देतो. होल्डरमधून काढलेल्या थंड बल्बचा रोध 60-70 ओहम भरतो, तर पेटलेल्याचा हिशेबाने 880. म्हणूनच बल्ब बहुधा बटण दाबतानाच उडतो: त्या क्षणी प्रवाह कितीतरी पट असतो आणि झिजून बारीक झालेली जागा सगळ्यांत आधी वितळते.

उद्यमनगर_वायरमन: प्रयोगासाठी 230 व्होल्टचा बल्ब पाण्याजवळसुद्धा नेऊ नका. गाडीच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट 21 वॉटचा बल्ब घ्या, वायरी कॅपला झाळून घ्या. पारदर्शक प्लॅस्टिकच्या ग्लासात 200 मिली पाणी. काच बुडवायची, पितळी कॅप वर. आधी बुडवा, मग चालू करा. तापलेली काच गार पाण्यात गेली की तडकते.

10 मिनिटं चालू ठेवा, सतत ढवळा. न ढवळल्यास वरचं पाणी गरम, तळाचं गार, आणि आकड्याला अर्थ राहत नाही. व्होल्टेज बल्बच्या टोकांवर मोजा, बॅटरीवर नाही. प्रवाहासाठी मीटरचं 10 अँपिअरचं सॉकेट वापरा. व्होल्ट × अँपिअर × 600 म्हणजे दिलेली ऊर्जा ज्यूलमध्ये. 200 ग्रॅम पाणी 1 अंश तापायला 836 ज्यूल लागतात. पूर्ण 21 वॉट धरले तर वाढ 15 अंश.

एक युक्ती: सुरुवातीचं पाणी खोलीपेक्षा 7-8 अंश गार घ्या, माठातलं चालेल. पहिल्या निम्म्या वेळात पाणी हवेतून जेवढी उष्णता घेतं, तेवढी पुढच्या निम्म्यात सोडतं.

एकदा साध्या पाण्यात करा, एकदा काळी शाई घालून. शाईत प्रकाशही अडकून उष्णता होतो.

करवीर_पालक: केलं, दादा. 12.1 व्होल्ट, 1.7 अँपिअर. हिशेबाने 14.8 अंश हवेत. साध्या पाण्यात 11.5 आले, पेनाच्या शाईत फक्त 12. उरलेली ऊर्जा कुठे गेली?

टंगस्टन: शाई बदला, ताई. पेनाच्या शाईतला रंग दिसणारा प्रकाश अडवतो, पण जवळचं अवरक्त त्यातून बरंचसं आरपार जातं. 2-3 सेंटिमीटर पाणीही ते पुरतं शोषत नाही. काजळीपासून बनलेली ड्रॉइंगची काळी शाई सगळंच अडवते, तीच वापरा. त्यामुळे साधं पाणी आणि काजळीची शाई यांतला फरक म्हणजे "प्रकाश" असं तक्त्यावर लिहू नका; तो प्रकाश अधिक अवरक्त आहे. फक्त प्रकाशाचा वाटा जेमतेम पाऊण अंशाचा असतो. त्यानंतरही थोडी तूट राहील, ती कॅप आणि वायरींमधून निघून जाते.

उद्यमनगर_वायरमन: एलईडीत बाणाच्या मधली उष्णता नाही. इलेक्ट्रॉन चिपमधल्या रिकाम्या जागेत पडतो आणि प्रकाश थेट निघतो. पांढऱ्यासाठी निळ्या चिपवर पिवळा फॉस्फर (निळ्या प्रकाशाचा काही भाग पिवळा करणारा लेप) असतो. तरी निम्म्याहून जास्त वीज चिप आणि ड्रायव्हरमध्ये (चिपला हवी तशी वीज करून देणारं सर्किट) उष्णता होते. फरक एवढाच की ती प्रकाशासोबत पुढे न येता मागे अ‍ॅल्युमिनियमच्या बुडात जाते. बंद डब्यात बसवला तर ड्रायव्हरमधला कपॅसिटर सुकतो आणि दिवा लुकलुकू लागतो. चिप बहुतेकदा शाबूत असते. 60 वॉटचा पिवळा बल्ब सुमारे 700 ल्युमेन (दिसणाऱ्या प्रकाशाचं माप) देतो, 9 वॉटचा एलईडी सुमारे 900. तक्त्यात एलईडीला विजेपासूनच दोन वेगळे बाण काढा, एक प्रकाशाकडे, दुसरा उष्णतेकडे.