नव्या मॉनिटरवर एकच लाल ठिपका. दाबू की परत देऊ?

फ्रेम_सांगली
नमस्कार मंडळी. मी लग्नाचे अल्बम डिझाइन करतो. नुकताच ऑनलाइन २४ इंची आयपीएस (पडद्याचा एक प्रकार) मॉनिटर घेतला. काल रिसेप्शनचे फोटो लावताना नवरदेवाच्या काळ्या कोटावर, खिशाच्या जरा वर, लाल ठिपका दिसला. आधी वाटलं कुंकू सांडलंय. झूम केलं तरी ठिपका तेवढाच. फोटो सरकवला तर कोट सरकला, ठिपका जागच्या जागी. पांढऱ्या पानावर दिसत नाही, काळ्यावर मात्र नजर तिथंच जाते. स्क्रीनशॉट काढून मोबाइलवर बघितला, त्यात काही नाही.

शेजारचा मोबाइलवाला म्हणतो अंगठ्यानं दाब, जाईल. परत द्यायची मुदत रविवारी संपते. तुळशीचं लग्न उरकल्यापासून कामाला उसंत नाही, मॉनिटर परत गेला तर अडून बसायला होतं. काय करू?

बिनधास्त_बंड्या
दाबा हो बिनधास्त. माझ्या जुन्या लॅपटॉपवरचा असाच गेला होता.

पॅनल_बुधवारपेठ
थांबा साहेब, अंगठा बाजूला ठेवा. पुण्यात तापकीर गल्लीजवळ माझं दुरुस्तीचं टेबल आहे. "जरासं दाबलं होतं" म्हणत आणलेले पॅनल, म्हणजे मॉनिटरचे पडदे, नेहमी बघतो.

स्क्रीनशॉट काढलात ते बरं केलंत. त्यात ठिपका नाही म्हणजे ग्राफिक्स कार्ड आणि सॉफ्टवेअर सुटलं. फोटोबरोबर सरकला असता तर दोष कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा निघाला असता. तुमच्या धंद्यात तोही भेटतो, विशेषतः रात्रीच्या लांब एक्स्पोजरला.

आता पॅनल. फुल एचडी म्हणजे १९२० × १०८०, एकूण २०,७३,६०० पिक्सेल, म्हणजे चित्राचे बारीक ठिपके. प्रत्येकात लाल, हिरवी, निळी अशा तीन पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीला स्वतःचा ट्रान्झिस्टर, म्हणजे इवलासा स्विच. बासष्ट लाखांच्या वर झाले. त्यातली तुमची एक लाल पट्टी बंद व्हायचं नाव घेत नाही, गळक्या नळासारखी. खात्री करायची असेल तर पेंटमध्ये पूर्ण हिरवं पान भरून फुलस्क्रीन करा, ठिपका पिवळा दिसेल. निळ्यावर गुलाबी-जांभळा. लाल आणि पांढऱ्यावर गायब. हे जुळलं तर पिक्सेल अडकलेला आहे आणि सुटायची थोडी आशा आहे.

पांढऱ्यावर काळा ठिपका दिसला तर तो मेलेला. त्यावर काही चालवू नका, वेळ जातो.

एक गंमत सांगतो, यात बरेच जण फसतात. आयपीएस आणि व्हीए पॅनलमध्ये वीज पोचली नाही की पिक्सेल काळा राहतो. जुन्या स्वस्त लॅपटॉपमधल्या टीएन पॅनलचं उलटं: वीज नसली की प्रकाश आरपार येतो. म्हणजे तिथं मेलेला पिक्सेलच उजळ दिसतो. लोक त्याला अडकलेला समजून रात्रभर सॉफ्टवेअर चालवतात आणि सकाळी मला शिव्या देतात.

तुमच्यासाठी उपाय: जेस्क्रीनफिक्स ही साइट ब्राउझरमध्येच चालते. रंगांची भराभर लुकलुक करणारा एक चौकोन येतो, तो ठिपक्यावर ओढून ठेवायचा. दहा मिनिटांत सुटला तर नशीब, मी तासभर तरी ठेवतो. विंडोजवर यूडीपिक्सेल नावाचं छोटं सॉफ्टवेअरही आहे. स्लीप बंद करा, नाहीतर स्क्रीन झोपेल आणि तुम्ही वाट बघत बसाल. घरात कुणाला फिट येत असेल तर त्या व्यक्तीला ती लुकलुक अजिबात दाखवू नका. ट्रान्झिस्टरच गेला असेल तर यातलं काहीच लागू पडणार नाही.

दाबायचं का नाही? आतल्या दोन काचांमधलं अंतर जेमतेम तीन ते पाच मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे तीन ते पाच हजारांश. अंगठ्यानं एक ठिपका जाईलही, पण शेजारी पांढुरका डाग उठला तर तो कायमचा. आणि डाग दिसला की परत घेणारा कागदावर "फिजिकल डॅमेज" लिहून मोकळा. बंड्याभाऊंचा लॅपटॉप वॉरंटीबाहेरचा असणार, तिथं ठीक.

चिपळूणकर_बाई
मध्येच विचारते. आमच्याकडे पावसाळ्यात काळा ठिपका आला होता, तो चक्क चालायचा!

पॅनल_बुधवारपेठ
ताई, तो किडा. बॅकलाइटच्या, म्हणजे पडद्यामागच्या दिव्याच्या उजेडाला भुलून कडेच्या फटीतून आत शिरतात. त्याला तर मुळीच दाबायचं नाही, तिथंच मेला तर पॅनल उघडेपर्यंत तिथंच. मॉनिटर बंद करून खोलीत अंधार करायचा आणि कडेला एक दिवा लावून ठेवायचा. बऱ्याचदा आपणहून बाहेर येतो.

वॉरंटी_वाचणारा
फ्रेमदादा, लुकलुक चालू असतानाच परतीचं बघा. नंतर वॉरंटीवर भिस्त ठेवू नका. २००१ च्या आयएसओ १३४०६-२ या आंतरराष्ट्रीय मानकात दुसऱ्या वर्गाच्या पॅनलला दर दहा लाख पिक्सेलमागे २ पूर्ण उजळ, २ पूर्ण काळे आणि ५ उपपिक्सेलचे (एकेका रंगाच्या पट्टीचे) दोष चालायचे. २००८ मध्ये आयएसओ ९२४१-३०७ आलं, पण कंपन्यांच्या अटी अजून त्याच धाटणीच्या असतात. फुल एचडीला हिशेब करा, तुमचा एक लाल उपपिक्सेल कुठल्या कुठे माफ. दुकानाच्या परतीच्या मुदतीत मात्र हा वाद बहुधा घालावा लागत नाही. काळं पान लावून ठिपक्याचा फोटो काढून ठेवा.

फ्रेम_सांगली
सगळ्यांचे आभार. हिरव्यावर पिवळा, निळ्यावर गुलाबी, सांगितलं तसंच. रात्री जेवायला जाताना चौकोन लावून गेलो. आल्यावर ठिपका गायब! पण सकाळी मॉनिटर चालू केला तर पुन्हा हजर, थोड्या वेळानं आपोआप गेला.

पॅनल_बुधवारपेठ
असा ये-जा करणारा भरवशाचा नाही. मुदत आहे तोवर परत करा. अल्बमचं काम तुमचं, रोज काळ्या कोटावर संशय घेत बसाल.

फ्रेम_सांगली
बदलून आला. काळं, पांढरं, लाल, हिरवं, निळं अशी पाचही पानं लावून बघितली, मगच बॉक्स आत ठेवला. अगदी उजव्या खालच्या कोपऱ्यात एक काळा आहे, टास्कबारच्या घड्याळाशेजारी. हाही परत करू का?

पॅनल_बुधवारपेठ
ठेवा. तिथं तुम्ही रिटच करत नाही, आणि काळा कोपऱ्यात असला की आठवड्यात डोळा त्याला विसरतो. तिसऱ्या मॉनिटरचा ठिपका मधोमध निघाला तर काय कराल?