चढण चढताना आईचा जबडा दुखतो, ‘पित्त’ सांगून घरी पाठवलं. आता कुठे नेऊ?

केरीकर_फोंडा
आई ६१ वर्षांची, साखर जुनी. घर खाली, कुळागर (पोफळी-माडांची बाग) वर. पंप लावायला चढण चढली की खालचा जबडा आणि डावा खांदा भरून येतो. माडाला टेकून थोडा वेळ उभी राहिली की उतरतो. दाढ असेल म्हणून दातांच्या डॉक्टरकडे नेलं, दाढ ठणठणीत. परवा पहाटे अंथरुणातच दरदरून घाम, मळमळ. दवाखान्यात पोचेपर्यंत त्रास थांबला होता. एक ईसीजी काढला, नॉर्मल. पित्ताची गोळी दिली आणि ‘चतुर्थीच्या कामांचा ताण घेऊ नका’ म्हणाले. हेच बाबांना झालं असतं तर ठेवून घेतलं असतं, हे माझ्या डोक्यातून जात नाही. आई आता नेवऱ्यांचं सारण करतेय, पुन्हा यायला तयार नाही. काय करू?

निवृत्त_सिस्टर
आजच न्या, उद्यावर ढकलू नका. चढताना दुखणं आणि थांबल्यावर उतरणं ही हृदयाकडे बोट दाखवणारी खूण आहे. आणि परवा तर चढण नसताना झालं, याचीच मला जास्त काळजी वाटते. त्रास थांबल्यावर काढलेल्या एका ईसीजीवर निर्धास्त राहता येत नाही. ट्रोपोनिन करायला सांगा, हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी. पहिलं नॉर्मल आलं तरी काही तासांनी पुन्हा करतात. रिपोर्टवर बायकांची मर्यादा वेगळी असू शकते, तीही विचारा: एका प्रचलित चाचणीत पुरुषांसाठी ३४, बायकांसाठी १६ नॅनोग्रॅम प्रति लिटर. डॉक्टरांपुढे ‘पित्त’ हा शब्द काढू नका, आम्हाला लिहिलंत तसंच चढणीचं सांगा. साखर आधी सांगा. मधुमेहात छातीतली कळ कमी जाणवू शकते.

पुन्हा घाम किंवा दडपण आलं तर १०८. स्वतःच्या गाडीने निघू नका.

वाळपईची_लेक
माझ्या वहिनीला चाळिशीत झालं. पाठ दुखायची, धाप लागायची. सगळे म्हणाले, टेन्शन. बाळंतपणात बीपी खूप वाढलं होतं, त्यामुळे पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. तुमच्या आईलाही तेव्हा बीपी होतं का, विचारून ठेवा. आणि दादा, ‘तुला काहीतरी झालंय’ म्हणू नका, घाबरून नाहीच म्हणतील. ‘रक्त तपासून येऊ’ एवढंच म्हणा. सारण मावशी-काकी करतील.

केरीकर_फोंडा
मावशीला बोलावलं, आई तयार झाली. पहिलं ट्रोपोनिन थोडं वाढलेलं आलं, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) पाठवताहेत. १०८ मध्येच आहोत.

निवृत्त_सिस्टर
परवाचा ईसीजी सोबत घ्या, नव्याशी ताडून बघतील. अँजिओग्राफीत मोठ्या धमन्या मोकळ्या निघाल्या तरी ‘काही नाही’ म्हणून उठू नका. बायकांत बारीक रक्तवाहिन्यांचा आजारही असतो, त्याबद्दल तिथेच विचारा.