मदत हवी आहे: मुलासाठी गणिताची शिकवणी, लवकर सांगा

पाऊलवाट: मुलाला गणितासाठी शिकवणी लावायची आहे. क्लास बरा, घरी येणारे सर बरे, की ऑनलाइन? दोन चाचण्या वाईट गेल्यात आणि परीक्षेला जेमतेम दीड महिना उरलाय. त्याला सगळं येतं, पण पेपरात चुकतं. ज्यांना अनुभव आहे त्यांनीच लिहा. प्रवचन नको, आधीच डोकं भणभणलंय.

निनाद७: कितवीत आहे? बीजगणित अडतंय की भूमिती? वाईट म्हणजे किती गुण?

शाईपेन: डोळे झाकून क्लास लावा. माझी मुलगी एकटी अभ्यासाला बसायचीच नाही. आजूबाजूची मुलं सोडवताना दिसली की तिचाही हात चालायचा.

वाटाड्या: अजिबात नाही. माझा मुलगा वर्षभर क्लासात फळ्यावरचं उतरवत होता. वही सुंदर, पेपर कोरा. पन्नास मुलांत कोण कुणाकडे बघणार?

शाईपेन: पन्नासांचा क्लास मी म्हटलंच नाही. आमच्या वर्गात आठ मुलं होती. न विचारता खोडून काढू नका.

पाऊलवाट: भांडू नका हो. नववी. बीजगणित. भूमिती बरी आहे. २० पैकी ७ आणि मग ६. वर्गशिक्षिका म्हणतात लक्ष नाही. रात्री अकरापर्यंत वही घेऊन बसतो, लक्ष नाही कसं?

गणेशवेल: वैदिक गणित शिकवा. ४३ गुणिले ११ करायचं तर ४ आणि ३ च्या मध्ये त्यांची बेरीज ठेवायची, ४७३. मुलांना आवडतं, वेग वाढतो.

वाटाड्या: वेगाचं कुणी विचारलंय? त्याचं बीजगणित अडलंय.

खडूपेटी: ताई, मी २६ वर्षं गणित शिकवलं. शिकवणी कोणती ते नंतर ठरवा. आधी तपासलेला पेपर समोर ठेवा आणि त्यातलं एक गणित त्याला मोठ्याने बोलत सोडवू द्या. चूक दिसली तरी मध्ये बोलू नका. ‘येतं पण चुकतं’ अशा मुलांचं पुष्कळदा नववीचं काही अडलेलं नसतं, आधीच्या इयत्तांमधली चिन्हं आणि अपूर्णांक कच्चे राहिलेले असतात. ७ − (क्ष − ४) दिलं की ३ − क्ष लिहून मोकळे होतात. कंस काढताना दुसऱ्या पदाचं चिन्ह बदलायचं राहतं. शिकवणाऱ्याला हे पहिल्या दिवशी कळलं नाही तर तो धडा पुढे रेटतो आणि मुलगा मान डोलावत राहतो.

निनाद७: चिन्हांवरून आठवलं. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये धन आणि ऋण संख्यांचे नियम दिले. ऋण म्हणजे कर्जच. ‘कर्ज वजा झालं म्हणजे तेवढे पैसे तुझे झाले’ असं सांगितल्यावर माझ्या भाचीला उणे उणे अधिक का, ते पटलं. तोवर नुसतं पाठ होतं.

पाऊलवाट: आत्ताच बसवलं. गणित होतं ५ − २(क्ष − ३) = १. त्याने ५ − २क्ष − ६ = १ लिहिलं, उत्तर काढलं उणे १ आणि पट्टीने खाली दोन रेघा ओढल्या. मी गप्प. मग म्हटलं, हेच उत्तर वरच्या ओळीत घालून बघ. आलं १३. बराच वेळ वहीकडे बघत बसला आणि म्हणाला, “आई, म्हणजे पेपरातलं तिसरंही असंच गेलं.” पेपर काढला. सात चुकांपैकी चार कंसाच्या. मला रडूच आलं, इतके दिवस त्यालाच बोलत होते. आता सांगा, एवढं मागे जाऊन शिकवणार कोण? क्लास तर पुढच्या धड्यावर असेल.

खडूपेटी: म्हणूनच आत्ता एकट्याची शिकवणी, आठवड्यातून दोनदा. घरी की ऑनलाइन याने फारसा फरक पडत नाही. पहिले दोन आठवडे फक्त कंस, चिन्हं, अपूर्णांक. पहिल्या तासाला तुम्ही शेजारी बसा आणि पेन कुणाच्या हातात आहे तेवढं बघा. तासभर सरांच्याच हातात राहिलं तर दुसरे सर शोधा. प्रत्येक उत्तर आज घातलंत तसं समीकरणात घालून पडताळायचं. आणि अकरापर्यंत जागवू नका, थकल्यावर चिन्हं आधी सुटतात.

शाईपेन: हे पटलं. परीक्षा झाल्यावर मात्र छोट्या गटाचा विचार करा, सोबत लागतेच.

निनाद७: अपूर्णांक तपासलेत का? १/२ + १/३ द्या. २/५ लिहिलं तर तिथूनच सुरुवात करावी लागेल.

पाऊलवाट: झोपलाय. उद्या सकाळी देते आणि कळवते.