सिटी, ग्रेस, बॅलेड: ‘नावं तीन, गाडी एकच’ म्हणणाऱ्यांनी आधी बॉनेट उघडावं

टॅपेटमास्तर (धागाकर्ता)

काल इथे एक पोस्ट पडली. सारांश असा: आपली होंडा सिटी जपानात ग्रेस होती, दक्षिण आफ्रिकेत बॅलेड. नाव बदललं म्हणून गाडी बदलत नाही, तेव्हा परदेशी मॅन्युअल उतरवून घ्या, बाहेरून स्वस्तात पार्ट मागवा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला रामराम ठोका. खाली अंगठ्यांची रांग लागली आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

ग्रेस डिसेंबर २०१४ मध्ये आली ती हायब्रीड म्हणून. दीड लिटरचं, इंधन वाचवणाऱ्या अ‍ॅटकिन्सन सायकलचं इंजिन आणि सात गिअरचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स, त्यातच मोटर बसवलेली. हवी असेल तर चारही चाकांना ड्राइव्ह. पेट्रोलवाली ग्रेस २०१५ मध्ये आली, तिचं इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये), ताकद १३२ पीएस. आपल्या २०१४ च्या सिटीत पोर्ट इंजेक्शन (पेट्रोल सिलिंडरच्या तोंडाशी, हवेच्या वाटेत), ११९ पीएस. म्हणजे इंजेक्टर वेगळे, हाय प्रेशर पंप आपल्याकडे मुळात नाहीच, वायरिंग वेगळं. आपल्या डिझेलचं तर जपानात नावही नाही. दरवाजे, काचा, छत सारखं दिसतं म्हणून गाडी एकच असं ठरवायचं असेल तर जुळ्या भावांनी एकमेकांचा चष्मा घालून फिरायला हरकत नाही.

उलटा घोळही आहे. नाव तेच, वर्ष तेच, गाडी दुसरीच. लाहोरच्या शोरूममधून २०२० साली जी सिटी निघत होती ती आपल्याकडे २००८ ला आलेली पिढी. तिथे ती २०२१ पर्यंत विकली गेली. त्याच २०२० मध्ये आपल्याकडे दोन पिढ्या पुढची सिटी आली होती.

नावावर जाऊ नका, वर्षावरही जाऊ नका. चासी नंबर घ्या, त्यावरून पार्ट नंबर काढा, मग पैसे खर्च करा.

नावातकायआहे

ती ‘पोस्ट’ माझीच, नाव घेऊन बोललात तरी चालेल मास्तर. चष्म्याचा विनोद बरा होता.

तुम्ही सोयीने ग्रेस धरलीत. बॅलेडचं काय? आत्ताची बॅलेड भारतातूनच तिकडे जाते. बिल्ला सोडला तर वेगळं काय आहे? आणि ऑइल फिल्टर १५४००-आरटीए मालिकेचा, तो सिटीला, जॅझला, सिव्हिकला बसतो. ड्रेन बोल्टचं १४ मिलिमीटरचं वॉशर होंडात सगळीकडे तेच. तेवढ्यासाठी कंपनी लेबर चार्ज लावते आणि आपण मान डोलावतो.

टॅपेटमास्तर

फिल्टर आणि वॉशर दिले तुम्हाला, घेऊन जा. बॅलेडही दिली, पण फक्त आत्ताच्या पिढीपुरती. स्प्रिंग आणि शॉकअप मात्र देणार नाही. आपल्याकडेच पेट्रोल आणि डिझेलच्या पुढच्या स्प्रिंगा वेगळ्या, कारण डिझेल इंजिन जड. डिझेलची स्प्रिंग पेट्रोलला घातली की नाक वर करून चालते, उलट केलं की प्रत्येक स्पीडब्रेकरला खाली घासते. एका देशात, एका नावाखाली हे हाल.

ऑपेराहाऊस_काउंटर

काउंटरच्या या बाजूचं सांगतो. गिऱ्हाईक येतं, "फिफ्थ जनरेशन सिटीचा हेडलाइट द्या." आपल्याकडे कंपनी २०२० च्या गाडीला पाचवी पिढी म्हणते, कारण मोजणी १९९८ पासून. जगात हीच सातवी, कारण पहिली सिटी १९८१ ची, जपानची छोटी हॅचबॅक. (युरोपात तिला जॅझ म्हणायचे. डोकं धरा.) बाहेरच्या कॅटलॉगमध्ये ‘पाचवी’ टाकलं की येते आपली २००८ वाली. लोक ऑनलाइन मागवतात, हेडलाइट येतो, बसवायचे लग्गे जुळत नाहीत, मग मुंबईत ऑपेरा हाऊसच्या पार्ट बाजारात येऊन आमच्याशी भांडतात.

होंडाच्या पार्ट नंबरात तीन तुकडे असतात, पाच-तीन-तीन. पहिले पाच म्हणजे वस्तू कोणती. मधले तीन म्हणजे ती कुठल्या मॉडेलसाठी काढली. २००८ च्या सिटीच्या बॉडी पार्टला मध्ये ‘टीएम०’ दिसेल. मधले तीन जुळले नाहीत तर आधी विचारा, मग बोला.

सायनमार्गे

पिढ्या मोजणारे गिअरबॉक्सकडे बघत नाहीत, आणि खरी माती तिथे होते. २००३ च्या सिटीचं ऑटोमॅटिक म्हणजे सीव्हीटी, ठरावीक गिअर नसलेलं, पट्ट्यावर चालणारं. २००८ ला टॉर्क कन्व्हर्टर, पाच गिअर. २०१४ ला परत सीव्हीटी, पण नवीन जातीचं. तिन्हींना ‘सिटी ऑटोमॅटिक’ म्हणतात आणि फिटर एकाच कॅनमधून तिघींना पाजतो. २०१४ च्या सीव्हीटीला एचसीएफ-२ हे ऑइल लागतं, २००८ च्या गिअरबॉक्सला एटीएफ डीडब्ल्यू-१. उलटसुलट घातलंत तर आधी सिग्नलवरून उचलताना थरथर, मग घूं-घूं आवाज, मग गिअरबॉक्स खाली. २०१४ च्या सीव्हीटीतून एका ड्रेनला साधारण साडेतीन लिटर निघतं. जितकं निघालं तितकं मोजून भरा. ‘थोडं जास्त बरं’ हे वरणभाताला ठीक.

डिकीवाली

गिअरबॉक्स राहू द्या, कोणी सीएनजीवर बोलेल का? सिटीला किट लावायचं म्हटलं की प्रत्येक जण म्हणतो होंडाचं इंजिन मजबूत, काही होत नाही. ५१० लिटरची डिकी, त्यात ६० लिटरचा सिलिंडर, उरतं काय? गणपतीला गावी जाताना बॅगा मांडीवर.

काळीपिवळी_२

काही होत नाही म्हणजे नाहीच होत! सिक्वेन्शियल किट लावलेल्या सिटी टूरिस्ट परमिटवर धावताहेत. शेजारच्या काकांची दोन लाख किलोमीटर गेली, टॅपेटचा आवाजसुद्धा नाही.

टॅपेटमास्तर

धागा सीएनजीकडे निघालाय, दिसतंय मला. पण हे वाक्य सोडून पुढे जाता येत नाही. आवाज नाही हीच तर खूण आहे, साहेब!

या इंजिनाला गॅप आपोआप जुळवणारे हायड्रॉलिक टॅपेट नाहीत. व्हॉल्व दाबणाऱ्या रॉकरवर स्क्रू आणि लॉकनट, रॉकर आणि व्हॉल्वमधली गॅप त्यानेच हाताने लावायची. (२००८ आणि २०१४ च्या एसओएचसी, म्हणजे एकाच कॅमशाफ्टच्या पेट्रोलबद्दल बोलतोय.) सीएनजी कोरडा जळतो, व्हॉल्वच्या सीटला पेट्रोलसारखी उशी मिळत नाही, सीट झिजते. सीट झिजली की व्हॉल्व हेडमध्ये आत बसतो आणि त्याचं वरचं टोक रॉकरकडे सरकतं. म्हणजे गॅप वाढत नाही, *कमी* होते. टॅपेट वाजतो गॅप वाढल्यावर. इथे गाडी दिवसेंदिवस गुळगुळीत होत जाते आणि काका खूश. मग एक्झॉस्ट व्हॉल्व पूर्ण बसेनासा होतो, गरम राहतो, कडेने जळतो. सकाळी पहिल्या स्टार्टला मिसिंग (एखादा सिलिंडर नीट पेटत नाही), आयडलला थरथर, स्कॅनरवर पी०३०१ ते पी०३०४ या मिसिंगच्या कोडपैकी एक. फिटर कॉइल बदलतो, प्लग बदलतो, इंजेक्टर साफ करतो. बिल वाढतं, मिसिंग तसंच. कारण कॉम्प्रेशन कोणी बघितलंच नाही.

काळीपिवळी_२

बरं, मग गॅप किती? आकडा सांगा, प्रवचन नको.

टॅपेटमास्तर

२००८ च्या आय-व्हीटेक पेट्रोल इंजिनाला इनटेक ०.१५ ते ०.१९ मिलिमीटर, एक्झॉस्ट ०.२६ ते ०.३०. इंजिन गार हवं, ३८ अंशांच्या खाली. मे महिन्यात मुंबईत याचा अर्थ गाडी रात्रभर उभी आणि काम सकाळी पहिलं. ‘दोन तासांत करून देतो’ म्हणणाऱ्याने गरम इंजिनावर सेट केलं असं समजा.

टायमिंग चेनच्या बाजूने क्रँक फिरवून एक नंबर सिलिंडर टीडीसीला (दोन्ही व्हॉल्व बंद, पिस्टन सगळ्यात वर) आणा, त्याचे चार व्हॉल्व मोजा. मग अर्धा फेरा, तीन नंबर. मग चार, मग दोन. फिलर गेज ओढताना हलकी घसट लागली पाहिजे, सुरीने लोणी कापल्यासारखी. लॉकनट आवळताना स्क्रू हमखास थोडा सोबत फिरतो, म्हणून आवळल्यावर *परत* मोजा. अर्धे फिटर इथेच चुकतात. एक्झॉस्ट ०.३० ला ठेवा, झिजायला जागा राहते. सीएनजीवर दर २० हजारांना बघावं असं माझं मत. आणि टाकीत पाव टाकी पेट्रोल कायम ठेवा, पंप त्यातच बुडून गार राहतो.

काळीपिवळी_२

टॅक्सीवाला रात्रभर गाडी सोडेल तर खाईल काय? हे सगळं पार्किंगमध्ये गाडी पुसणाऱ्यांसाठी.

सायनमार्गे

मग हेड उतरवताना चार दिवस सोडा. तेव्हा कोण खायला घालणार?

डिकीवाली

दोघे शांत व्हा. सिलिंडरची टेस्ट दर तीन वर्षांनी असते आणि किटची नोंद आरसी बुकात लागते, एवढं तरी कोणी लिहा. लोक ते सोडून लॉकनटवर भांडताहेत. मागच्या स्प्रिंगवर रिकाम्या गाडीतही एक माणूस कायमचा बसल्यासारखा आहे, त्याचं काय?

नावातकायआहे

माझा धागा नव्हता, पण विषय माझा होता. परत येऊ का? मास्तर, तुम्ही म्हणता नावाचा काही उपयोग नाही. एक उदाहरण देतो, त्यात ग्रेसमुळेच आपला फायदा झाला. २०१४ ची सिटी १६९५ मिलिमीटर रुंद. का? जपानात छोट्या गाड्यांचा वर्ग १७०० ला संपतो, आणि ग्रेस तिथे विकायची होती. २०२० ची सिटी जपानात गेलीच नाही, ती झाली १७४८. ज्यांच्या सोसायटीत जुनं स्टॅक पार्किंग आहे त्यांनी टेप लावून बघावं, तो पाच सेंटिमीटर आरशाला कळतो. लांबीही ४४४० वरून ४५४९ झाली.

ऑपेराहाऊस_काउंटर

हे मात्र पटलं. नवीन सिटीचे आरसे जास्त विकले जातात का हे काउंटरवर सांगणार नाही, धंद्याची गोष्ट आहे.

टॅपेटमास्तर

रुंदीचं मान्य. नाइलाजाने. पण लक्षात घ्या, तुम्ही आत्ता जे सिद्ध केलंत ते माझंच आहे: बाजार बदलला की गाडी बदलते.

नावातकायआहे

आणि बाजार एक झाला की गाडी एक होते, ते माझं. सोडा. मॅन्युअलचं तरी सांगा, बाहेरचं वापरावं की नाही?

टॅपेटमास्तर

इंजिन कोड तोच असेल तर टॅपेट, ऑइलचं माप, टॉर्क यासाठी खुशाल वापरा. ड्रेन बोल्ट ३९ न्यूटन मीटर, चाकांचे नट १०८, हे सिटीला तसंच जॅझला. फ्यूज बॉक्स, वायरिंग, सस्पेन्शन, एसी यांसाठी वापरू नका. हायब्रीड ग्रेसचा एसी कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्याचं पान उघडून आपल्या सिटीचा पट्टा शोधत बसाल.

काळीपिवळी_२

जुन्या सिटीच्या आय-डीएसआय इंजिनाला पण हेच टॅपेट सेटिंग का? एक गाडी आहे ओळखीत, २००५ ची, मिसिंग मारते.

सायनमार्गे

तिचे आधी प्लग मोजायला सांगा. आय-डीएसआयला आठ असतात, सिलिंडरमागे दोन. चार समोर दिसतात, चार मागे काचेच्या बाजूला. ते काढायला वायपर आणि त्याखालचं प्लास्टिकचं कव्हर उतरवावं लागतं, म्हणून बहुतेक ठिकाणी पुढचेच चार बदलतात आणि बिल आठांचं लावतात. मागचा एक काढून बघा. इलेक्ट्रोड झिजून गोल झाला असेल तर उत्तर मिळालं.

काळीपिवळी_२

आठ?!

डिकीवाली

झालं. आता हा धागा प्लगवर.