बक्स रोचा पहिला साक्षीदार लेचमीअर: संशयित म्हणून कितपत टिकतो?

गस्तवाला

जॅक द रिपर प्रकरणातल्या पॉली निकोल्सच्या खुनाबद्दल विचारायचं आहे. ३१ ऑगस्ट १८८८ च्या पहाटे व्हाइटचॅपेलच्या बक्स रोमध्ये तिचं प्रेत पहिल्यांदा दिसलं ते चार्ल्स क्रॉस या गाडीवानाला. डोव्हटन स्ट्रीटच्या २२ नंबरातून निघून तो ब्रॉड स्ट्रीटला पिकफर्ड्स या मालवाहतूक कंपनीकडे चारच्या कामावर चालला होता. त्याचं जन्माचं आडनाव लेचमीअर, हे फार पुढे कागदपत्रांवरून जुळलं.

त्याच्यावरचा संशय मला दिसतो तो असा. घर साडेतीनला सोडलं, बक्स रो तिथून सात-आठ मिनिटांवर, मग मागून रॉबर्ट पॉल हा कामावर चाललेला दुसरा गाडीवान येईपर्यंतची मिनिटं कुठे गेली? चौकशीत जन्माचं आडनाव का दडवलं? हवालदार मायझनला ‘तिकडे पोलिस तुम्हाला बोलावतोय’ असं का सांगितलं? आणि गळ्यातून रक्त अजून वाहत होतं, म्हणजे वार ताजा. यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं? तर्कापेक्षा साक्षींच्या आधाराने सांगा.

पावणेचार

आधी घड्याळ. क्रॉसच्या साक्षीत ‘सुमारे साडेतीन’ आहे, एका-दोन वर्तमानपत्रांत ३.२० छापलंय. चौकशीची मूळ नोंद उरलेली नाही. आपल्या हाती फक्त वार्ताहरांनी टिपलेले मजकूर आहेत, त्यामुळे एकाच वाक्याची तीन-चार रूपं सापडतात. जो कोणी एकच वर्तमानपत्र घेऊन हिशोब मांडतो, त्याचा हिशोब तिथेच फसतो.

आता प्रेत कधी सापडलं ते बघा. क्रॉस आणि पॉल निघून गेल्यावर गस्तीवर आलेला हवालदार नील म्हणतो, मला ३.४५ ला दिसलं. हवालदार थेन म्हणतो, नीलने ३.४५ ला कंदील हलवून बोलावलं. मायझन म्हणतो, पावणेचारला मी हॅनबरी स्ट्रीट आणि बेकर्स रोच्या नाक्यावर होतो आणि तिथे मला तो गाडीवान भेटला. तीन पोलिस, तीन जागा, वेळ एकच. त्या नाक्यापर्यंत क्रॉस आणि पॉल यांना चालत तीन-चार मिनिटं लागली असणार, म्हणजे त्यांनी प्रेत ३.४० च्या आसपास पाहिलं. इन्स्पेक्टर अ‍ॅबरलाइनच्या १९ सप्टेंबरच्या अहवालातही ३.४० च आहे. ३.३० मध्ये सात-आठ मिनिटं मिळवा, ३.३८ होतात. उरली दोन मिनिटं, आणि ती ‘सुमारे’ या एका शब्दात मावतात.

मोठी फट दिसते ती पॉलच्या मुलाखतीमुळे. २ सप्टेंबरच्या रविवारच्या अंकात तो म्हणतो, बक्स रोमधून जाताना बरोबर पावणेचार वाजले होते. पण चौकशीत तोच सांगतो की पावणेचारच्या सुमारास मी घरून निघालो. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. मृत्यूची चौकशी चालवणारा अधिकारी, म्हणजे कॉरोनर बॅक्स्टरने समारोपात प्रेत सापडल्याची वेळ ३.४५ पासून फार लांब नसावी असं म्हटलं, हे लेचमीअरवाले (त्यालाच खुनी मानणारे) नेहमी पुढे करतात. त्या वाक्यातून पाच मिनिटांचा बारकावा निघत नाही. गाडीवानाच्या खिशात घड्याळ असेलच असं नाही. लोक गिरणीचा भोंगा, चर्चचा ठोका, ब्रुअरीचं घड्याळ यांवरून वेळ सांगत.

दप्तर

आडनावाचा मुद्दा मी तरी सगळ्यात हलका धरतो. त्याच्या आईने १८५८ मध्ये थॉमस क्रॉसशी लग्न केलं. हा सावत्र बाप पोलिसात होता. १८६१ च्या जनगणनेत मुलगा चार्ल्स क्रॉस म्हणूनच नोंदला आहे. १८७६ मध्ये पिकफर्ड्सच्या चार्ल्स क्रॉस नावाच्या गाडीवानाच्या गाडीखाली लंडनमध्ये एक मूल सापडलं, त्याचीही चौकशी झाली. तो हाच असेल, आणि तसंच दिसतं, तर कामाच्या ठिकाणी हे नाव निदान बारा वर्षं चालत होतं. शिवाय याच साक्षीत त्याने मालकाचं नाव सांगितलं आणि ‘स्टार’ने तर घरचा पत्ताही छापला. लपणारा माणूस पत्ता देत नाही. कागदोपत्री तो बहुतेक ठिकाणी लेचमीअर लिहितो हे खरं, पण यावरून इतकंच कळतं की त्याला दोन आडनावं होती.

मायझनचं प्रकरण मात्र खरोखर विचार करण्यासारखं आहे. शपथेवर तो सांगतो की त्या गाडीवानाने ‘बक्स रोमध्ये पोलिस तुम्हाला बोलावतोय’ असं म्हटलं. क्रॉसने ते साफ नाकारलं. त्याच्या मते तो म्हणाला होता की बाई मेली आहे किंवा प्यायली आहे, मला तर मेलीच वाटते. दोघांपैकी एक चुकतोय. लेचमीअरवाल्यांच्या मते झडती टाळून निसटायला ही थाप मारली.

पण मायझन तेव्हा काय करत होता? कामावर जाणाऱ्यांची दारं ठोठावून त्यांना उठवत होता. ते सोडून तो लगेच धावला नाही अशी पॉलची तक्रार छापून आली होती. ‘तिकडे पोलिस आहेच’ असं ऐकलं असेल तर उशीर माफ होतो, ‘बाई मेली आहे’ असं ऐकलं असेल तर होत नाही. आणि तो पोहोचला तेव्हा नील तिथे होता आणि त्याने मायझनला हातगाडी आणायला पाठवलं. तीन दिवसांनी साक्ष देताना प्रत्यक्षात जे घडलं ते निरोपात मिसळायला फार लागत नाही. तिसरी गोष्ट, पॉल या वेळी जवळपासच होता. त्याच्यासमोर अशी थाप मारायची, तीही पुढे उघडकीला येणार हे माहीत असताना, हे धोक्याचं होतं. पॉलच्या साक्षीत या थापेचा मागमूस नाही.

नाडी

रक्ताबद्दल. गळ्यावर दोन काप होते, एक चार इंचांचा, दुसरा आठ इंचांचा, मणक्यापर्यंत खोल. एवढ्या मोठ्या जखमेतून हृदय थांबल्यावरही रक्त उताराच्या दिशेने झिरपत राहतं. नीलला ते गळ्यातून पाझरताना दिसलं, मायझनलाही ते ताजं आणि अजून वाहतं वाटलं, थोडं साकळलेलं. रक्त कधी साकळेल हे थंडी, जमीन, कपड्यांत किती शोषलं यावर बदलतं. त्यावरून ‘पाच मिनिटांपूर्वी’ आणि ‘पंधरा मिनिटांपूर्वी’ यात फरक करता येत नाही. डॉक्टर लुएलिन चारच्या सुमारास आला आणि म्हणाला, मरून अर्ध्या तासापेक्षा जास्त झालेलं नाही. हात थंड, पण धड आणि पाय गरम. म्हणजे साडेतीननंतर. नीलची आधीची फेरी सव्वातीनच्या आसपास झाली होती आणि तेव्हा तिथे काही नव्हतं. त्यामुळे खुन्याला काम उरकून निघायला क्रॉस येण्याआधी पुरेसा वेळ मिळतो.

एक बारीक गोष्ट मात्र मला सोडवत नाही. पोटावरचे वार कपड्यांखाली होते. रिपरच्या पुढच्या बळी चॅपमन, एडोज, केली, यांच्यापैकी कुणाच्याही बाबतीत खुन्याने ते झाकले नाहीत. निकोल्सच्या बाबतीत ते इन्स्पेक्टर स्प्रॅटलिंगला शवागारात कपड्यांची यादी करताना दिसले. कपडे वर सरकलेले होते आणि पॉलने ते खाली ओढले, एवढं साक्षीत आहे. आणि पॉल तिला उठवून बसवू म्हणाला तेव्हा क्रॉसने हात लावायला नकार दिला. मान उचलली असती तर काप लगेच कळला असता. हा नकार संशयास्पद वाटू शकतो. अंधारात रस्त्यावर पडलेली, कदाचित मेलेली बाई उचलायला कुणीही कचरेल, हेही तितकंच खरं.

गस्तवाला

म्हणजे फक्त निकोल्सपुरतं पाहिलं तर तो संशयितही नाही आणि निर्दोषही ठरत नाही, असं समजायचं का? मग बाकीच्या खुनांवरून काही निकाल लागतो का?

उंबरा

तिथेच तर खरी कसोटी लागते, आणि ती अ‍ॅनी चॅपमनची. ८ सप्टेंबर, शनिवार, २९ हॅनबरी स्ट्रीट. ही गल्ली त्याच्या कामाच्या वाटेवर, म्हणून ती त्याच्या विरुद्ध मोजतात. पण त्या वाटेने रोज पहाटे शेकडो कामगार जात. पॉलचं कामाचं ठिकाणही हॅनबरी स्ट्रीटवरच, कॉर्बेट्स कोर्टात.

वेळ जास्त महत्त्वाची. जॉन रिचर्डसन पावणेपाचच्या सुमारास मागच्या अंगणाच्या पायरीवर बसून बूट ठीक करत होता, त्याला प्रेत दिसलं नाही. पाच फुटी कुंपणापलीकडच्या अंगणातून कॅडॉशने साडेपाचच्या जरा आधी ‘नो’ असा आवाज आणि मग कुंपणावर काही आदळल्याचं ऐकलं. एलिझाबेथ लाँगने ब्रुअरीच्या घड्याळाप्रमाणे साडेपाचला दारासमोर बाई आणि पुरुष पाहिला. सहाच्या सुमारास जॉन डेव्हिसला प्रेत दिसलं. या तिघांना मानलं तर खून साडेपाचच्या सुमाराचा, आणि लेचमीअर चारपासून पिकफर्ड्सकडे. फक्त डॉक्टर फिलिप्सने साडेसहाला पाहून ‘निदान दोन तास’ म्हटलं, आणि तेही पहाट गार होती व पुष्कळ रक्त गेलं होतं ही पुस्ती जोडून. लेचमीअर दोषी ठरायला तीनही साक्षीदार चुकीचे आणि फिलिप्सचा अंदाज अचूक असावा लागतो. लाँग आणि कॅडॉश यांच्या वेळा पाच-दहा मिनिटांनी जुळत नाहीत हे मान्य, पण रिचर्डसन दोघांपेक्षा वेगळा उभा आहे.

कंदील

एक बाजू मांडतो, नाहीतर लेचमीअरवाल्यांवर अन्याय होईल. पोलिस अधिकारी मॅकनॉटनने १८९४ मध्ये संशयित म्हणून ड्रुइट, कोस्मिन्स्की, ओस्ट्रॉग अशी तीन नावं लिहिली. त्यातला ओस्ट्रॉग त्या काळात फ्रान्सच्या तुरुंगात होता असं नंतर निघालं. ड्रुइटला मॅकनॉटन डॉक्टर म्हणतो आणि वय ४१ सांगतो, प्रत्यक्षात तो बॅरिस्टर होता, शाळेत शिकवायचा, वय ३१. कोस्मिन्स्कीचा एकाही खुनाच्या जागेशी कागदोपत्री संबंध नाही. लेचमीअर निदान एका जागी प्रेतापाशी उभा होता, हे शपथेवर आहे. म्हणून त्याचं नाव यादीत राहायला हवं असं मला वाटतं. पण जो प्रेताजवळ सापडला तो खुनी, हे गृहीत धरून पुढे चाललं की बाकीचे मुद्दे पुरावे वाटू लागतात.

उंबरा

मान्य. मग तुमच्या यादीत तो ठेवून पुढचं तपासायचं असेल तर ३० सप्टेंबरच्या रविवारी तो कुठे होता ते पाहा. बर्नर स्ट्रीट त्याच्या आईच्या घराजवळ, आणि तिथे स्ट्राइड या आणखी एका बळीचं प्रेत रात्री एकला सापडलं. कामाच्या वाटेचा तर्क तिथे लागू होत नाही, आईच्या घराचा लावतात. एडोज पावणेदोनला माइटर स्क्वेअरमध्ये, आणि तिच्या ॲप्रनचा तुकडा २.५५ ला गुलस्टन स्ट्रीटवर. माइटर स्क्वेअरहून डोव्हटन स्ट्रीटकडे जायचं तर पूर्वेकडेच यावं लागतं, त्यामुळे गुलस्टन स्ट्रीट त्याला जुळते. पण व्हाइटचॅपेल आणि स्पिटलफील्ड्समध्ये राहणाऱ्या प्रत्येकालाच ती जुळते. केलीचा खून ९ नोव्हेंबरचा, वार शुक्रवार, आणि तो दिवस कामाचा. पिकफर्ड्सची त्या दिवसाची हजेरी मिळाली असती तर वादाची गरज पडली नसती.