कॉलेजच्या पहिल्या वर्षी स्वतःसाठी काय ठरवलं होतंत? बडोदेकरांनो, लिहा

दांडियाबाजारची
लेक यंदा पहिल्या वर्षाला गेली. काल रात्री जेवणं आटपल्यावर फोन माझ्यापुढे धरून म्हणाली, "आई, कॉलेजनं फॉर्म दिलाय. या वर्षात माणूस म्हणून काय मिळवायचंय आणि अभ्यासात काय मिळवायचंय, दोनशे शब्दांत लिहायचंय. तू काय लिहिलं असतंस?" मी ओटा पुसत होते. फडकं हातात तसंच राहिलं.

आम्हाला कुणी फॉर्म दिला नव्हता, पण मी लिहिलं होतं. 1993 साल, एफवाय बी.कॉम., अकाउंट्सच्या वहीचं शेवटचं पान. 'दिवाळीच्या आत वर्गात एक प्रश्न विचारायचा. इंग्रजीत.' एवढंच.

माझी दहावीपर्यंत मराठी शाळा, अकरावी-बारावी गुजरातीतून, आणि युनिव्हर्सिटीत पाऊल टाकलं तर सगळंच इंग्रजीत. गुजरातेत राहून विद्यापीठाचं माध्यम इंग्रजी, हे बाहेरगावच्या नातेवाइकांना पटायचंच नाही. फळ्यावरचं सगळं उतरवून घ्यायचे आणि घरी येऊन डिक्शनरी घेऊन बसायचे. गाडी अडली घसाऱ्यावर. मशीनची किंमत दरवर्षी कमी करायची आणि तेवढी रक्कम खर्चात धरायची. पण त्या वर्षी कुणाला पैसे दिलेलेच नाहीत, मग खर्च कसला?

दांडिया बाजारातून फतेगंजला सायकलनं जायचे, वाटभर ते वाक्य घोकत. विश्वामित्रीचा पूल ओलांडला, काळा घोडा दिसला की परत पहिल्यापासून. असे पाच आठवडे गेले. नवरात्र झालं, दिवाळी आठ दिवसांवर आली आणि एके दिवशी मी उभी राहिले. घोकलेलं वाक्य गेलं कुठच्या कुठे. तोंडातून निघालं, "सर, कॅश नॉट गोइंग, देन व्हाय एक्स्पेन्स?" मागच्या बाकावर दोघं-तिघं हसले.

सरांनी खडू खाली ठेवला. म्हणाले, रिक्षावाल्यानं रिक्षा घेतली, पैसे पहिल्याच दिवशी गेले. पण रिक्षा झिजते रोज. रोजच्या भाड्यातून ती झीज वजा केली नाही, तर त्याला दिसणारा नफा खरा असेल का? वर्ग गप्प झाला, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आज इतकी वर्षं अकाउंट्सचंच काम करतेय. 31 मार्चला घसाऱ्याची नोंद टाकताना ती रिक्षा अजून डोळ्यांपुढे येते.

तुम्ही काय ठरवलं होतं? लिहा ना. झालं नसेल तरी लिहा.

कारेलीबाग_७
ताई, अंगावर काटा आला. मीही मराठी शाळेतलीच. भाकरी तव्यावर आहे, रात्री सविस्तर लिहिते.

टेक्नोवाला
माझं ध्येय एका ओळीचं: एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर, काढायचा. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. फूर्ये सीरीज, लाप्लास. दोनदा नापास होऊन एटीकेटी आली होती.

आमची टेक्नॉलॉजी फॅकल्टी म्हणजे कलाभवन. 1890 साली सयाजीराव महाराजांनी काढलेली संस्था, दादासाहेब फाळके तिथे शिकून गेले. वडिलांना त्याचा फार अभिमान. पाहुणा आला की हे सांगायचे, आणि मग पाहुणा विचारायचा, "काय रे, निकाल काय लागला?" मी आत जाऊन बसायचो.

हॉस्टेलवर अंकलेश्वरकडचा एक सीनियर होता. त्यानं माझा पेपर बघितला आणि म्हणाला, "तने आवडे छे बधु, तारी माइनस नी निशानी खोवाय छे." म्हणजे तुला सगळं येतं, फक्त तुझं वजाचं चिन्ह हरवतं. खरंच तसं होतं. इंटिग्रेशन बाय पार्ट्स करताना दुसऱ्या पायरीवर वजाचं चिन्ह सुटायचं आणि पुढची दोन पानं वाया. त्यानं नेम घालून दिला: रोज रात्री दोनच गणितं, उत्तर न बघता, आणि प्रत्येक वजाचं चिन्ह लाल पेनानं. चार महिने केलं. वहीला गोवर आल्यासारखी दिसायची.

निघाला एम-थ्री. पण खरं सांगू, त्या चार महिन्यांत मला पहिल्यांदा कळलं की मी ढ नाही, माझी चूक एकाच जागी होतेय. तोवर 'गणित येत नाही' असंच समजून चाललो होतो. आता माझ्याकडे शिकाऊ पोरं येतात, त्यांना मी आधी हेच विचारतो, नेमकं कुठे अडतंय ते दाखव.

कारेलीबाग_७
गोवर आलेली वही 😄 दादा, ती जपून ठेवली आहे का?

टेक्नोवाला
2019 च्या पुरात गेली गं. तळघरात होती सगळी पेटी.

समा_रोड
पुराचा विषय निघालाच आहे तर. तेव्हा मी टीवायला होते. जुलैचा शेवट, एका दिवसात एवढा पाऊस की विश्वामित्रीतल्या मगरी सोसायट्यांत आल्या. आमच्या तळमजल्यात कमरेएवढं पाणी.

माझं तीन वर्षांचं ध्येय काय होतं? नंबरात यायचं. आणि त्यासाठी नोट्स कुणाला द्यायच्या नाहीत. हे मी खरंच डायरीत लिहिलं होतं, आता लिहिताना वाईट वाटतंय. एकदाच, दुसऱ्या वर्षी, पाद्र्याहून बसनं येणाऱ्या एका मुलीला दिल्या, कारण तिचे वडील आजारी होते आणि महिनाभर तिचं येणं झालं नव्हतं.

पाणी ओसरल्यावर माझ्या वह्यांचा लगदा झाला होता. जेल पेननं लिहिलेलं सगळं निळं पाणी. आई एकेक पान सुटं करून इस्त्री फिरवत होती, पण वाचता येईल असं काही उरलं नव्हतं. चौथ्या दिवशी ती मुलगी बस बदलून घरी आली. माझ्याच अक्षराची झेरॉक्स, पिशवीत नीट गुंडाळलेली. आतल्या समासात तिनं गुजरातीत बारीक अक्षरात अर्थ लिहिले होते, ते माझ्या नोट्सपेक्षा सोपे होते.

आम्ही दोघींनी त्यावरच परीक्षा दिली. नंबर नाही आला. अजून दर रविवारी फोन होतो.

दांडियाबाजारची
समा रोड, वाचून गप्प बसले थोडा वेळ. आईंना नमस्कार सांग.

फतेगंज_कट्टा
शेव-उसळ कुठली चांगली आता? धाग्याचा विषय नाही, पण कॉलेज म्हटलं की तेच आठवतं. तर्री वेगळी मागायचो, पाव दोन जास्त.

कारेलीबाग_७
त्यावर वेगळा धागा काढा काका, इथे भूक लागेल सगळ्यांना.

तर माझं. होमसायन्स, फूड्स अँड न्यूट्रिशन. घरी सगळ्यांचं म्हणणं, स्वयंपाक शिकायला युनिव्हर्सिटी कशाला? माझं ध्येय असं की मी काय शिकते ते आजीला पटवून द्यायचं. प्रॅक्टिकलला एका माणसाचा चोवीस तासांचा आहार लिहून काढायचा होता, मी आजीलाच धरलं. सकाळपासून काय खाल्लं, किती वाटी, कुठली वाटी. तिची वाटी मापाच्या कपात ओतून बघितली. ती म्हणाली, "अगं, पोलीस चौकशी करतेस की काय!"

हिशेब मांडला तर लोह फारच कमी. आणि आजी जेवण झालं की लगेच कडक चहा प्यायची. चहानं अन्नातलं लोह अंगी लागायला अडचण होते, हे मी आठवड्यापूर्वीच शिकले होते. तिला तक्ता काढून दाखवला. तिनं चष्मा लावून सगळा वाचला आणि म्हणाली, "बरं, चहा तासाभरानं घेते. पण साखर कमी करायला सांगू नकोस." दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना तीच समजावत होती!

एक आणखी. युनिव्हर्सिटीच्या हंसा मेहता लायब्ररीत आपण सगळे बसलो, पण त्या कोण हे मला एसवायला कळलं. विद्यापीठ 1949 साली झालं तेव्हाच्या पहिल्या कुलगुरू. आणि 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात पहिल्याच कलमात 'सर्व पुरुष' असं येत होतं, ते 'सर्व माणसं' करून घेतलं त्यांनी. हे कळल्यापासून त्या दारातून आत जाताना मी जरा ताठ चालायचे.

मांजलपूर_मधून
सगळे शिक्षणाबद्दल लिहिताहेत, माझं ध्येय भाषेचं होतं. चालेल ना?

घरी मराठी, शाळा पूर्ण गुजराती. मराठी बोलायला फाडफाड, लिहायला शून्य. आईला चिठ्ठी लिहायची तर मराठी शब्द गुजराती अक्षरांत. 2018 ला फेब्रुवारीत बडोद्यात साहित्य संमेलन झालं तेव्हा मी पहिल्या वर्षाला होते, स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. काम काय, तर नोंदणीच्या टेबलावर नावं लिहून घ्यायची. पहिलं नाव लिहिलं आणि समोरचे आजोबा प्रेमानं म्हणाले, "बेटा, वरची रेघ राहिली." गुजरातीला ती रेघ नसते ना! मी त्या दिवशी सगळी नावं लिहून झाल्यावर एकेका नावावर रेघ ओढत बसले होते.

तेव्हाच ठरवलं, वर्षभरात मराठी वाचता-लिहिता यायला हवं. रोज पेपरातलं एक पान मोठ्यानं वाचायचं, आई भाजी निवडता निवडता चूक सांगायची. जोडाक्षरांनी रडवलं. आता हे फोनवर लिहितेय, चुका असतील तर सांगा.

टेक्नोवाला
एकही नाही.

दांडियाबाजारची
एकही नाही गं!

प्रतापनगर
वाचत होतो फक्त. लिहावं वाटलं.

माझे वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार. मी आमच्या घरातला पहिला कॉलेजात गेलेला. प्रवेश घेतला त्याच्या आदल्या संध्याकाळी मला कमाटी बागेत घेऊन गेले, संकल्पभूमीवर. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब 1913 ला अमेरिकेला गेले. करारानुसार 1917 ला नोकरीसाठी बडोद्याला परत आले, तर या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमातून बाहेर काढलं. ते याच बागेत झाडाखाली येऊन बसले होते. हे सगळं मला पाठ होतं. वडिलांनी त्या दिवशी काही भाषण केलं नाही. चप्पल काढली, मलाही काढायला लावली, आणि दहा मिनिटं दोघं उभे राहिलो. परत येताना सायकलच्या दांड्यावर बसवून आणलं, अठरा वर्षांचा असून.

त्या रात्री ठरवलं, एकही वर्ष गॅप पडू द्यायचा नाही, आणि स्कॉलरशिपचा फॉर्म स्वतः भरायचा, कुणाच्या पाया पडून नाही. फॉर्मनंच जीव काढला. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सही आहे तर शिक्का नाही, शिक्का आहे तर तारीख नाही. एका कचेरीत चार खेपा झाल्या. पाचव्या खेपेला मी सगळ्या कागदांची यादी वहीत लिहून काढली, कुठल्या खिडकीवर काय मागतात त्यासकट.

पुढच्या वर्षी जूनमध्ये नव्या मुलांसाठी फॅकल्टीच्या झाडाखाली ती वही घेऊन बसलो. पहिल्या दिवशी दोघं आले, आठवड्यानं रांग. एमए होईपर्यंत दर जूनला बसलो. वडील एकदा जेवणाच्या सुट्टीत येऊन लांबून बघून गेले, मला नंतर कळलं.

कारेलीबाग_७
🙏

समा_रोड
दादा, काय लिहावं कळत नाही. लांबून बघून गेले...

एसवाय_ला
मी सगळ्यांत लहान दिसतोय इथे. आम्हालाही गेल्या वर्षी तोच फॉर्म होता. मी अकरा गोष्टी लिहिल्या. नऊच्या वर सीजीपीए, पायथॉन, इंटर्नशिप, पहाटे पाचला उठणं, जिम, रोज वीस पानं वाचन, स्टेजवर बोलणं... गणपतीपर्यंत एकही टिकली नव्हती. त्यात सगळे मित्र स्टेटसला काय काय टाकतात. आता चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यायचं की तीन वर्षांत बाहेर पडायचं तेही ठरत नाहीये. झोप येत नाही कधी कधी.

टेक्नोवाला
अरे, पाचला उठून काय करणार ते कुठे लिहिलंस? सध्या कुठे अडतंय तेवढं सांग. एकच.

एसवाय_ला
प्रोबॅबिलिटी. 'हे घडलं असेल तर ते घडण्याची शक्यता' वालं. भागाकारात खाली काय घ्यायचं तेच कळत नाही.

टेक्नोवाला
जे घडलंय म्हणून सांगितलंय, ते खाली. वर्गात साठ जण, त्यांतले वीस मराठी, त्या विसांतले पाच सायकलनं येतात. समोरचा मराठी आहे हे कळलं की बाकीचे चाळीस विसर, खाली वीसच. वीसात पाच. आज रात्री अशी दोन कर, मला फोटो पाठव.

प्रतापनगर
आणि झोप येत नाही ते घरी सांग बाळा. आईला नाही तर ताईला, पण सांग. चौथ्या वर्षाचं आत्ताच ठरवायची घाई नाही.

मांजलपूर_मधून
बसायला शांत जागा हवी असेल तर मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी बघ. मी मराठी वाचायला तिथेच जायचे. पुस्तकांच्या मांडण्यांमधली जमीन जाड काचेची आहे, वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपतो.

फतेगंज_कट्टा
1910 सालची ना ती? महाराजांनी अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले होते. लहानपणी मी त्या काचेवर पाय ठेवायला घाबरायचो, बाबा हात धरून न्यायचे. पंधरा वर्षांत गेलो नाही.

दांडियाबाजारची
लेकीला सगळा धागा वाचून दाखवला. आजीच्या चहाशी खूप हसली, सायकलच्या दांड्याशी गप्प झाली. मग आत जाऊन फॉर्म भरून आली. दोनशे शब्द हवे होते, तिचे साठच झालेत. अभ्यासाच्या रकान्यात लिहिलंय, 'लॅबमध्ये निरीक्षण चुकलं तर शेजारच्या वहीतून न उतरवता परत घ्यायचं.' दुसऱ्या रकान्यात काय लिहिलंय ते मला दाखवलं नाही, हात आडवा धरला.

एसवाय_ला
काका, दोन झाली. दुसऱ्यात खाली काय घ्यायचं ते चुकलं होतं, मग सापडलं. फोटो पाठवलाय.

फतेगंज_कट्टा
रविवारी लायब्ररी उघडी असते का? कुणाला माहीत असेल तर सांगा, नातवाला घेऊन जायचंय.